मुलासाठी शाळेकडे जे मागायचं ते लिहून मागा

‘तुमच्या मुलासाठी आमच्याकडे सोय नाही. त्याच्याच भल्यासाठी सांगतोय, दुसरी शाळा बघा.’ स्वमग्न, गतिमंद, सेरेब्रल पाल्सी किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, दार लोटून घेऊन, मायेच्या सुरात ते सांगितलं जातं आणि त्याची कुठेही नोंद राहत नाही. पालक घरी येतात, रात्र रात्र जागून विचार करतात आणि शेवटी दाखला काढून मोकळे होतात. शाळेच्या दप्तरी मात्र ‘पालकांच्या विनंतीवरून दाखला दिला’ असं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट. असं वाक्य कानावर आलं की वाद घालू नका आणि दाखल्याच्या अर्जावर सही तर मुळीच करू नका. शांतपणे एवढंच म्हणा, ‘सर, हे आम्हाला शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या.’ बहुतेक शाळा लिहून देत नाहीत, कारण लिहून दिलं तर त्याचं उत्तर द्यावं लागेल हे त्यांना ठाऊक असतं. आपल्या मुलांच्या शिक्षणातलं निम्मं नुकसान तोंडी बोलण्यानं होतं. नकार तोंडी, आश्वासन तोंडी आणि आपली विनंतीही तोंडीच. हे बदलणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

लिहिण्याआधी आपण कशाच्या जोरावर लिहितो आहोत ते माहीत हवं. दोन कायदे लक्षात ठेवा. पहिला म्हणजे २००९चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई), जो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम १३नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. कलम १६नुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ वर्गातली मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घालतं. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुलाचा अर्ज भरता येतो आणि त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. चांगल्या पगाराच्या नोकरीतले पालक ‘आपण यात बसत नाही’ म्हणून हा अर्ज भरतच नाहीत. अवश्य भरा.

दुसरा कायदा २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दोष ही त्यांतलीच. सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, त्याला वैयक्तिक आधार द्यावा आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, हे पाहण्याची जबाबदारी कलम १६नं शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या नेहमीच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची. ‘आमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे, आम्हाला आरटीई लागू नाही’ असं काही शाळा सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालामुळे ते खरं आहे. पण आरटीई लागू नसला तरी २०१६चा कायदा आहेच. अशा शाळेला लिहिताना त्याचाच आधार घ्या.

आता कागदांकडे वळू. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड काढायला पुष्कळ पालक कचरतात. ‘एकदा शिक्का बसला की आयुष्यभर राहील,’ ही भीती मी समजू शकते. पण प्रमाणपत्र तुमच्या कपाटात असतं, ते कुठे दाखवायचं आणि कुठे नाही हे तुम्हीच ठरवता. ते नसल्यामुळे होणारं नुकसान मात्र टाळता येत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मूल लहान असेल तर त्याआधीच जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करतात. पथकानं मुलाच्या नावापुढे काही खूण केली असेल तर ती चिठ्ठी टाकून देऊ नका, तो तुमच्या फाइलीतला पहिला पुरावा आहे.

प्रमाणपत्र फक्त टक्केवारी सांगतं. ४५ टक्के म्हणजे वर्गात नेमकं काय करायचं, हे त्यावरून कुठल्याच बाईंना कळणार नाही. ते सांगणारा कागद तुम्हालाच तयार करावा लागतो. एका पानावर चार गोष्टी लिहा: मुलाला काय चांगलं जमतं, काय जड जातं, कशानं ते बिथरतं आणि बिथरल्यावर कशानं शांत होतं. पाल्हाळ नको. ‘लक्ष लागत नाही’ असं लिहू नका. ‘दहा मिनिटांनी उठून फिरतो, दोन मिनिटं फिरू दिलं की परत येऊन बसतो’ असं लिहा. ‘हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘मधल्या सुट्टीची घंटा जवळून वाजली की कान झाकतो आणि ओरडतो, आधी सांगितलं तर ओरडत नाही’ असं लिहा. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना निदानाच्या इंग्रजी नावापेक्षा ही वाक्यं शंभरपट उपयोगी पडतात. हे पान जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातच वर्गशिक्षकांच्या हातात पडलं पाहिजे. ऑक्टोबरपर्यंत बाईंचं मुलाबद्दलचं मत बनून गेलेलं असतं.

यानंतर मागण्या. इथे बहुतेक पालक चुकीच्या जागी जोर लावतात. ‘माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्या’ ही मागणी नव्हे. त्यावर शाळा ‘हो, देऊ’ म्हणते आणि विषय संपतो. दिलं की नाही हे तपासायचं कसं? मागणी अशी हवी की शुक्रवारी मुलाची वही उघडून ती पाळली गेली का ते कळावं. फळ्यापासून दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून लांब जागा. फळ्यावरचं उतरवून घेणं जमत नसेल तर गृहपाठाचा फोटो किंवा शेजारच्या मुलाची वही. पाच गणितांऐवजी दोन, पण पूर्ण सोडवलेली. लेखी चाचणीच्या जागी तोंडी. पायऱ्या चढता येत नसतील तर त्या वर्षी तो वर्ग तळमजल्यावर. या शेवटच्या सोयीला एक पैसा लागत नाही, फक्त वर्गखोल्यांची अदलाबदल करावी लागते. तरी मुलाला कडेवर घेऊन दोन जिने चढणाऱ्या आया आजही गावोगावच्या शाळांत दिसतात. कुणी लिहून मागितलेलं नसतं म्हणून.

अर्जाचा नमुना देते, आपापल्या गरजेप्रमाणे बदला. ‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता चौथीतील माझ्या मुलासाठी वर्गात आवश्यक असलेल्या सोयींबाबत. महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत शिकत असून त्याला अध्ययन अक्षमता आहे. तपासणी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मधील कलम १६नुसार त्याला पुढील सोयी मिळाव्यात.’ त्याखाली तीन किंवा चार मागण्या क्रमांक घालून लिहा, दहा नकोत. शेवटी ‘या सोयींबाबत चर्चा करण्यासाठी मला पुढील आठवड्यात वेळ द्यावी आणि घेतलेला निर्णय लेखी कळवावा’ एवढं लिहून तारीख, सही, फोन नंबर. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि सही घ्या. ही पोच म्हणजेच तुमचं बळ. कार्यालय पोच द्यायला टाळाटाळ करू लागलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

भेटीला एकट्यानं जाऊ नका. शक्यतो आईवडील दोघंही जा, नाहीतर मामा, आत्या, शेजारच्या ताई, कुणीही चालेल. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. मूल समोर बसलेलं असताना त्याच्या उणिवांची चर्चा कुणालाही करू देऊ नका. ते सगळं ऐकत असतं, बोलता येत नसलं तरी. ठरलं ते त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना मेसेज किंवा ईमेल करा: ‘आज आपल्याशी बोलणं झालं त्यानुसार सोमवारपासून जागा बदलायची आणि सहामाहीला तोंडी परीक्षा घ्यायची असं ठरलं. धन्यवाद.’ तोंडी बोलणं लेखी करण्याचा इतका सोपा आणि गोडीचा दुसरा मार्ग नाही. वर्गशिक्षकांशी मात्र भांडण ओढवून घेऊ नका. मूल दिवसाचे पाच तास त्यांच्याकडे असतं. कायद्याची कलमं मुख्याध्यापकांना आणि संस्थेला लिहावीत, बाईंना आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात काय जमलं?’ एवढं विचारावं आणि जे जमलं त्याबद्दल मनापासून आभार मानावेत.

मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनवायला सांगा. विशेष शिक्षक त्याला आयईपी म्हणतात. अमेरिकेत शाळेनं तो करणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपल्याकडे कायदा वैयक्तिक आधाराची आणि प्रगतीवर लक्ष ठेवण्याची भाषा बोलतो, आराखड्याचा नमुना देत नाही. म्हणून मागावा लागतो. तीन महिन्यांत मुलानं काय शिकायचं, ते कोण शिकवणार, किती वेळ आणि शिकलं हे कशावरून ओळखायचं, एवढं त्यात आलं की पुरे. ‘मराठी सुधारणे’ हे उद्दिष्ट म्हणून लिहू देऊ नका. ‘काना, वेलांटी, उकार असलेले वीस शब्द न अडखळता वाचणे’ हे उद्दिष्ट झालं. आणि त्यात एक तरी ओळ मैत्रीची असू द्या: डबा कुणाबरोबर खायचा, स्नेहसंमेलनात कोणता भाग घ्यायचा, सहलीला कोण सोबत असेल. मुलाला वर्गात बसवलं आणि सहलीतून वगळलं, तर त्याला समावेशन म्हणता येणार नाही. खेळ आणि मनोरंजनातली समान संधी २०१६च्या कायद्याच्या कलम १६मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे.

आराखडा करणार कोण? जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. शहरात हेच काम शहर साधन केंद्रातून चालतं. तुमच्या शाळेत विशेष शिक्षक नसतील तर केंद्रप्रमुखांकडून गटसाधन केंद्राचा पत्ता घ्या आणि थेट जा. मोजमाप शिबिरं, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता, हे सगळं याच वाटेनं येतं. मात्र एक अट असते आणि ती पालकांना कुणी सांगत नाही: शाळेनं यू-डायस प्लसच्या ऑनलाइन माहितीत तुमच्या मुलाची नोंद दिव्यांगत्वाच्या प्रकारासह केलेली असली पाहिजे. तिथे नोंद नाही, तर सरकारच्या लेखी ते मूल दिव्यांग नाही. नोंद नसेल तर भत्ता येत नाही आणि त्या शाळेसाठी विशेष शिक्षकाची गरजही मोजली जात नाही. मुख्याध्यापकांकडे ती नोंद पाहायला मागा.

विशेष शिक्षकांची वानवा मोठी आहे हे खरं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. तुमच्या तालुक्यात हे प्रमाण किती पाळलं जातं, ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चारपाच पालकांनी मिळून विचारलं तर अधिकच चांगलं. खासगी शाळा विशेष शिक्षक नेमते तेव्हा त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारायला संकोच करू नका.

शहरांतल्या खासगी शाळांत सध्या एक वेगळीच पद्धत रुजली आहे. प्रवेश देतो, पण वर्गात मुलासोबत बसणारी शॅडो टीचर तुम्ही तुमच्या खर्चानं आणा. काही मुलांना अशी सोबत खरोखर लागते, कबूल. पण सरसकट अट घालणं मला सपशेल गैर वाटतं, कारण त्यात सोयी करण्याची शाळेची जबाबदारी पालकांच्या खिशावर ढकलली जाते. शिवाय मोठा धोका असा की, वर्गशिक्षकांना ते मूल आपलं वाटेनासं होतं. त्याचं सगळं शॅडो टीचर बघते आणि वर्गात राहून मूल एकटं पडतं. अट घातलीच तर ती लेखी मागा, तिचं कारण लेखी मागा आणि सोबत किती महिन्यांत कमी करत न्यायची हे आराखड्यात लिहून घ्या.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे उशीर फार होतो. मूल बोलतं हुशारीनं, चित्रं सुंदर काढतं, पण वाचताना अडतं आणि आकडे उलटे लिहितं. घरचे त्याला आळशी ठरवतात. अशी शंका असेल तर साधारण तिसरीच्या सुमारास तपासणी करून घ्या. मुंबईत शीव रुग्णालयात अशा मुलांसाठी खास विभाग आहे. दहावीच्या बोर्डाच्या सवलतींसाठी मान्यताप्राप्त केंद्राचंच प्रमाणपत्र चालतं, खासगी समुपदेशकाच्या अहवालावर काम होत नाही. केंद्रांत रांगा लांब असतात, तपासणी एका भेटीत पुरी होत नाही आणि शाळेला विभागीय मंडळाकडे प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो. म्हणून दहावीच्या दिवाळीत धावाधाव करण्यात अर्थ नाही; आठवीतच हे काम हाती घ्या. तासाला २० मिनिटं वाढीव वेळ, लेखनिक, भाषा विषयातून सूट, गणितात सवलत यांतलं काय काय लागेल ते आधी शाळेच्या परीक्षांत वापरून बघायला हवं. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हेही एक कौशल्य आहे, ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा जमत नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४०च्या खाली आली म्हणून हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ला विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे की, लेखनिकाची सोय नाकारण्यासाठी ४० टक्क्यांची अट पुढे करता येणार नाही. त्या खटल्यातल्या उमेदवाराला हातात पेटके येत होते आणि त्याचं दिव्यांगत्व ४० टक्के धरलेलं नव्हतं.

अर्ज देऊनही काही झालं नाही तर पायरीपायरीनं वर जा. आधी संस्थेला, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना लिहा, दर वेळी आधीच्या अर्जाची पोच जोडून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. आणि पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. वकील परवडत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मुलांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत दिलेली आहे, आणि प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात तिचं कार्यालय असतं. बहुतेक प्रकरणं इतकी लांबत नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्रानं वर्गखोली तळमजल्यावर येते.

‘मग विशेष शाळा वाईटच का?’ असं विचारलं जातं. मुळीच नाही. नाशिकला रजनी लिमये यांनी उभी केलेली प्रबोधिनी असो किंवा मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२मध्ये सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी, अशा संस्थांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना उभं केलं, तेही सरकारला या मुलांची आठवण नव्हती तेव्हा. काही कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेत बोलणारे सवंगडी तिथेच भेटतात. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचाही पर्याय कायद्यात आहे. पण हे पर्याय तुमच्या मुलाचे आणि तुमचे आहेत. शाळेला नको आहे म्हणून ते तुमच्या गळ्यात पडता कामा नयेत. विशेष शाळा दिव्यांग कल्याण खात्याकडे आणि नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण खात्याकडे, अशी आपल्याकडे विभागणी आहे. एका खात्यातून दुसऱ्यात जाताना पुष्कळ मुलं दोन्हीकडच्या पटावरून गळतात आणि घरी बसतात. म्हणून नव्या शाळेत प्रवेश निश्चित झाल्याचा कागद हाती येईपर्यंत जुन्या शाळेतून नाव काढू नका.

शाळा व्यवस्थापन समितीची निवड होते तेव्हा हजर राहा. सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावं लागतं. म्हणजे दिव्यांग मुलाच्या आईला त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क आहे. रॅम्प, स्वच्छतागृह, वाहतूक यांचे विषय तिथेच निघतात, आणि तिथे बसलेली एक आई पुढच्या दहा मुलांचा रस्ता सोपा करते.

या आठवड्यात एवढं करा: एक साधी फाइल विकत आणा, प्रमाणपत्र, अहवाल आणि मुलाची माहिती सांगणारं ते एक पान तिच्यात लावा, आणि तीन मागण्यांचा अर्ज लिहून शाळेत देऊन या. पोच घ्यायला विसरू नका.